लानयिंग बाईंचा वर्ग

वादळाची सुट्टी जाहीर झाली की त्या शहरातली माणसं आधी खूश होतात आणि मग खिडकीशी जाऊन उभी राहतात. आदल्या संध्याकाळीच दुकानांतली शेवयांची पाकिटं संपलेली असतात, काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या पडलेल्या असतात, स्कूटरी जिन्याखाली दाटीवाटीनं कोंबलेल्या असतात. यीझेनच्या वसतिगृहातल्या मुलींनी त्या सकाळी पत्त्यांचा डाव मांडला होता. यीझेन मात्र पांघरूण डोक्यावर ओढून पडून होती. रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि त्याचं कारण वादळ नव्हतं.

फोन वाजला. वेन सर, तिचे पीएचडीचे मार्गदर्शक.

"यीझेन, उठलीस का? कॉलेजच्या तळघरात पाणी शिरलंय का, एवढं बघून येशील? तूच सगळ्यात जवळ राहतेस."

"जाते सर."

"वारा वाढायच्या आत परत फीर. खाली फार रेंगाळू नको."

"का हो?"

"अगं, जनरेटरचा भरवसा नाही म्हणून. दुसरं काय!"

यीझेननं रेनकोट चढवला, टॉर्च ठेवलेली पाठपिशवी खांद्याला अडकवली आणि निघाली. काम साधं होतं. रस्ता ओलांडायचा, तळघरात डोकवायचं, परत यायचं.

पाच वर्षं ती जैववैद्यकीय अभियांत्रिकी करत होती. तिची आई गावाकडे शेजारणींना सांगायची, "मुलगी यंत्रांची डॉक्टर आहे की डॉक्टरांची यंत्रवाली, मला काही कळत नाही. लग्न लांबतंय एवढं कळतं." यीझेनच्या यंत्राची गोष्ट खरं तर आईलाही कळली असती. अपघातात हाताच्या नसा तुटल्या की पंजा लुळा पडतो. अशा हातात, कोपराच्या खाली, काडेपेटीपेक्षा लहान असं एक यंत्र बसवायचं. त्यातून निघालेल्या बारीक तारा बोटं ओढणाऱ्या दोरीसारख्या कंडरांना इवल्याशा चिमट्यांनी पकडतात. कमरेला लावलेल्या डबीतून वीज गेली की तारा ओढल्या जातात, बोटं मिटतात. तारा सैल सोडल्या की बोटं उघडतात. एवढंच. पण एवढ्याशासाठी तिची पाच वर्षं गेली होती, आणि येत्या सोमवारी ते यंत्र पहिल्यांदा एका जिवंत माणसाच्या हातात बसणार होतं.

तो माणूस म्हणजे आहुई. स्कूटर दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं, आणि स्कूटरनंच त्याचा उजवा हात लुळा केला होता. तपासणीला आला की तो यीझेनची मापं काढायचा.

"मॅडम, हात आला की पहिली तुमचीच स्कूटर उघडणार. तिचा आवाज ऐकून मला रडू येतं हो."

"माझ्या स्कूटरला नावं ठेवू नका, आहुई दादा."

"नावं कसली ठेवतोय! देवाघरी जायला निघालीय ती, तिला पोचवायला कुणीतरी पाहिजे ना?" आणि मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, "पोरगी विचारते, बाबा, सोमवारी हात जागा होणार ना? मी म्हटलं, होणार."

जिवंत माणसाच्या आधी यंत्राची परीक्षा व्हायची ती तळघरात, लानयिंग बाईंच्या हातावर.

त्या कॉलेजात मृतदेहाला कुणी मृतदेह म्हणत नाही. जिवंतपणी स्वतःच्या मर्जीनं देह देऊन ठेवलेली ती माणसं. ती शिकवतात, म्हणून ती शिक्षक. जिन्याच्या भिंतीवर त्यांचे हसरे फोटो लावलेले असतात, त्यांच्या घरी जाऊन मुलं चहा पिऊन येतात, त्यांच्या खोड्या आणि आवडीनिवडी ऐकून येतात. फांग लानयिंग तर खरोखरच्याच बाई होत्या. कोळ्यांच्या गावातल्या प्राथमिक शाळेत उभा जन्म गणित शिकवलेल्या. त्यांचा मुलगा, यू काका, टपाल खात्यातून निवृत्त झालेला शांत माणूस. यीझेन आणि बाकीची मुलं घरी गेली तेव्हा त्यांनी पेरूच्या फोडी पुढं केल्या आणि म्हणाले, "आई घंटा झाली तरी वर्ग सोडायची नाही. शेवटच्या पोराचं गणित सुटेपर्यंत सगळे बसून. मीही तिच्याच वर्गात होतो. पोटात कावळे ओरडायचे. तुम्हाला त्रास दिला तर रागावू नका हं तिच्यावर."

सगळे हसले होते. यीझेनही.

आणि त्या कॉलेजची रीतही शाळेचीच होती. काम सुरू करताना सगळ्यांनी ओळीनं उभं राहायचं. एकानं मॉनिटरसारखं पुकारायचं, उभे राहा, नमस्कार! मग आज काय करणार ते बाईंना मोठ्यानं सांगायचं. काम संपलं की पुन्हा तसंच, नमस्कार, धन्यवाद बाई, वर्ग सुटला. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हसू येतं. दुसऱ्या दिवसापासून येत नाही.

आता आदल्या दिवशी काय झालं ते सांगायला हवं. लानयिंग बाईंच्या उजव्या हातात यंत्र बसवून आठवडा झाला होता. बोटं मिटत होती, उघडत होती, मिटत होती, उघडत होती. ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या व्हायच्या होत्या. पडद्यावर एक रेष पुढं सरकत होती, चिमट्यांची पकड दाखवणारी, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. तेवढ्यात सुट्टीची घोषणा झाली, इमारत रिकामी करा म्हणून सांगत कुणीतरी मजल्यामजल्यावरून गेलं. लिआनशेंग, तिच्या हाताखालचा नवा विद्यार्थी, पिशवी पाठीला लावून दारात येऊन उभा राहिला.

"ताई, चला ना! बसेस बंद होतील. मग माझी झोपायची सोय तुम्ही करणार आहात का इथं?"

"थोड्याच फेऱ्या राहिल्यात रे."

"रेष बघा की. सरळच चाललीय बिचारी. उरलेलीपण सरळच जाणार. तिला काय वळायचं वेड लागलंय?"

यीझेननं पडद्याकडे पाहिलं. अशा रेषा तिनं इतक्या पाहिल्या होत्या की पुढचा भाग तिला न काढताही दिसत होता. तिनं यंत्र थांबवलं. संगणकावर उरलेली रेष आधी ठिपक्याठिपक्यांनी पुढं नेली, अंदाज म्हणून. मग क्षणभर थांबून ठिपके पुसले आणि रेष सलग करून टाकली. सरांना कळवलं, सगळ्या फेऱ्या पूर्ण, यंत्र सोमवारसाठी योग्य. डबी काढून पाठपिशवीत टाकली, बाईंवर चादर ओढली आणि दोघं पळत सुटले.

रात्री अंथरुणात तिला आठवलं. नमस्कार राहिला होता. वर्ग सोडला नव्हता. माणसाचं मन मोठं विचित्र, रेषेचं तिला काहीच वाटलं नव्हतं, त्या राहिलेल्या नमस्कारानं मात्र तिची झोप उडवली होती.

आज कॉलेजच्या इमारतीत चिटपाखरू नव्हतं. बाहेर वारा ताडांना पिळत होता, दिवस असूनही उजेड राखाडी, धुतलेल्या फडक्यासारखा. काचेचं दार तिच्यामागं मिटलं तसा वाऱ्याचा आवाज एकदम दूर गेला. लिफ्ट बंद होती. जिन्यात फक्त आपत्कालीन दिवे, हिरवट, मिणमिणते. भिंतीवरच्या फोटोंत त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसत होते. लानयिंग बाईंच्या फोटोपुढून जाताना यीझेननं मान खाली घातली, शाळेत उशिरा आलेल्या पोरीसारखी.

तळघरात पाणी नव्हतं. शेवटच्या पायरीशी नुसता ओलावा होता, दाराखालून आलेला. झालं काम. सरांना फोन करायला तिनं खिशात हात घातला. खाली फोन लागत नव्हता. ती वळली.

आणि तिला वास आला.

तळघराचा वास तिच्या ओळखीचा होता. औषधांचा, थंडगार लोखंडाचा, ओल्या सिमेंटचा. नाकाला आता तो जाणवतही नसे. पण त्या वासावर आज दुसरा एक वास तरंगत होता. कोरडा, नाकात गुदगुल्या करणारा. तिला शिंक येईल असं वाटलं, आणि मग तिला तो ओळखू आला. फळा नुकताच पुसला की येतो तो वास. खडूचा.

कॉलेजात कुठंच खडू उरला नव्हता. वर्षानुवर्षं सगळे पांढऱ्या फळ्यावर पेनानं लिहायचे.

ती तशीच उभी राहिली. तेव्हा आवाज ऐकू आला. आधी तिला वाटलं, कुठंतरी पाणी ठिबकतंय. पण पाणी इतकं नेमानं ठिबकत नाही.

किर्रर्र… टक. किर्रर्र… टक.

आठवडाभर तिनं तोच आवाज ऐकला होता. तारा ओढल्या जाताना किर्रर्र. बोटं उघडून स्टीलच्या टेबलावर पडताना टक.

"लिआनशेंग?" तिनं हाक मारली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "तू आहेस का आत…? चेष्टा नको हं."

किर्रर्र… टक.

यंत्र चालू राहिलं असणार, तिनं स्वतःला समजावलं. गडबडीत बंद करायचं राहून गेलं असणार. आपणच वेंधळ्या. या विचारानं तिला इतका धीर आला की तिनं दोन पावलं पुढंही टाकली. मग पाठीवर काहीतरी टोचलं. पाठपिशवीतली वस्तू. तिनं हात मागं नेऊन पिशवीच्या कापडावरून चाचपून पाहिलं. डबी तिच्या पाठीवर होती. कालपासून तिथंच होती. त्या डबीशिवाय यंत्रात विजेचा थेंब नव्हता.

ती पळाली. जिना कसा चढली तिला कळलं नाही. काचेच्या दाराशी पोचली, दांडीला हात घातला, बाहेर पाऊस आडवा झोडपत होता. दार ढकललं की रस्ता, रस्त्यापलीकडे वसतिगृह, पत्त्यांचा डाव, गरम सोयाबीनचं दूध. तिनं दार ढकललं नाही.

कारण पळता पळता तिच्या डोक्यात एक गोष्ट शिरली होती आणि ती आता बाहेर निघत नव्हती. यंत्र मिटत होतं, उघडत होतं. म्हणजे फेऱ्या चालू होत्या. कुठल्या फेऱ्या? काल जिथं ती थांबली, तिथून पुढच्या. तिनं न केलेल्या. जिथं तिनं ठिपके पुसून रेष सलग केली होती, त्या.

आणि सोमवारी आहुई त्या रेषेच्या भरवशावर टेबलावर झोपणार होता.

खाली जाऊन बघायला तिच्याइतकं दुसरं कुणी बांधील नव्हतं. भीतीनं तिचे दात वाजत होते. तरी ती वळली. त्या पायऱ्या ती कशी उतरली याचा तिला पुढं कधीही नीट हिशेब देता आला नाही. एवढंच आठवायचं की कठडा बर्फासारखा होता आणि ती स्वतःशीच पुटपुटत होती, "येते बाई… आले… आले…"

शीतखोलीचं दार तिनं उघडलं. थंडी अंगावर आली आणि तिच्याबरोबर तो खडूचा वास, आता इतका दाट की घसा कोरडा पडावा. आत एकच दिवा होता, कोपऱ्यातला, हिरवट. पांढऱ्या चादरीखाली लानयिंग बाई जशा होत्या तशाच होत्या. चादरीची कड उजव्या हातापर्यंत. कड तिनं काल हातावरून ओढली होती. आता हात बाहेर होता.

बोटं सावकाश मिटली. किर्रर्र. सावकाश उघडली. टक.

यीझेन भिंतीला टेकून उभी राहिली. बोटांच्या मिटण्यात घाई नव्हती, राग नव्हता. एखाद्या मंद पोरासाठी तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवून दाखवणाऱ्या माणसाचा जो संथपणा असतो, तो होता.

"बाई…" ती म्हणाली. "काय दाखवताय…?"

किर्रर्र… टक.

तिनं टॉर्च काढली. उजेडाचं वर्तुळ छतावर गेलं, जमिनीवर, पुन्हा छतावर. मग तिनं दोन्ही हातांनी टॉर्च धरली आणि चिरून उघड्या ठेवलेल्या मनगटावर उजेड टाकला. एक चिमटा, दुसरा चिमटा, ठीक. अनामिकेचा चिमटा… तिनं श्वास रोखला. प्रत्येक ओढीबरोबर तो केसभर सरकत होता. सरकताना त्याची कड तारेला घासत होती. तारेचा एक पदर उसवला होता, मग दुसरा उसवला. कालच्या रेषेत याचा मागमूस नव्हता. कालपर्यंत तो धरून होता. आता तो सुटत होता, तिच्या डोळ्यांसमोर, तिनं वाट न पाहिलेल्या फेऱ्यांत.

पुढच्या फेरीला तार तुटली. बारीकसा आवाज झाला. तुटलेलं टोक सापासारखं उसळलं आणि मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला आत घुसलं. तिथं काय असतं ते यीझेनला पक्कं माहीत होतं. बाईंच्या हातात तिथं आता काही वाहत नव्हतं. आहुईच्या हातात तिथं मोठी रक्तवाहिनी होती.

तेवढ्यात कोपऱ्यातला दिवा गेला. टॉर्च हातातून निसटून कुठंतरी घरंगळत जाऊन विझली. काळोख झाला. आणि त्या काळोखात यंत्र थांबलं नाही.

किर्रर्र… टक. पण आता आवाज अपुरा. एक बोट हलत नव्हतं. अंधारात ते एकच बोट सरळ उभं असणार, बाकीची मिटताना. ते आपल्याकडेच रोखलेलं आहे असं यीझेनला वाटलं, आणि त्या क्षणी तिला कळलं की बाई अजून वाट बघताहेत. गणित सुटलं होतं. पण वर्ग कुणी सोडला नव्हता.

ती सरळ उभी राहिली. टाचा जुळवल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक गळत होतं, तिला त्याचं भान नव्हतं.

"उभे राहा," ती म्हणाली. खोलीत ती एकटीच उभी होती. "नमस्कार…" ती कमरेत वाकली, आणि वाकलेलीच राहिली. "मला कळलं, बाई. माझं चुकलं होतं. आता कळलं. धन्यवाद, बाई… वर्ग सुटला."

टक.

मग काही नाही. ती किती वेळ वाकून होती कुणास ठाऊक. शेवटी तिच्या लक्षात आलं की खडूचा वास गेला आहे. राहिला होता तो नेहमीचा, औषधांचा आणि लोखंडाचा. तो वास कधी इतका गोड वाटेल असं तिला स्वप्नातही वाटलं नसतं.

वारा पडल्यावर वेन सर आले, गुडघ्यापर्यंत चिखल उडवत. यीझेन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होती. तिनं सगळं सांगितलं, पहिल्यांदा रेषेचं. सर तिला ओलांडून खाली गेले, तुटलेली तार पाहिली, सरकलेला चिमटा पाहिला, वर आले. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसत राहिले.

"डबी तुझ्याकडे होती?"

"हो सर."

"मग चालवलं कुणी?"

"मी नाही चालवलं, सर." तिनं खाली पाहिलं. "बाईंनी चालवलं."

ते हसतील किंवा ओरडतील अशी तिची अपेक्षा होती. सरांनी चष्मा डोळ्यावर चढवला.

"वर्ग सोडलास का?"

"सोडला."

"मग ठीक." ते तिच्याशेजारी पायरीवर बसले. "रेषेबद्दल मी तुला सोडणार नाही, एवढं लक्षात ठेव. उद्यापासून सगळं पहिल्यापासून. तुझा प्रबंध वर्षभर तरी लांबेल. आईला काय सांगायचं ते तुझं तू बघ." आणि मग हळू आवाजात, "नशीबवान आहेस पोरी. आम्हाला चुका दाखवायला इतकं कुणी थांबलं नाही."

आहुईला सांगायला ती स्वतः गेली. तो दुकानात डाव्या हातानं चाक फिरवत बसला होता. सोमवार नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

"मॅडम, पोरीला शब्द दिलाय मी…"

"माझ्यामुळे झालं, दादा. मी खोटी रेष काढली होती. पुढं असंच होईल असं धरून चालले. तसं झालं नसतं. तुमचा जीव गेला असता."

आहुईनं फिरतं चाक थांबवलं. ती शिव्या खायला तयार होऊन आली होती. तो म्हणाला, "मी पण एकदा ब्रेकची तार चाचपून पाहिली. म्हटलं, अजून महिनाभर जाईल, नंतर बदलू." त्यानं लुळा हात मांडीवर नीट ठेवला. "तोच हा हात. जा, नीट करून आणा. थांबतो मी."

यीझेन रस्त्यावर येऊन मनसोक्त रडली.

चिमटा नवा झाला. त्याला दुसरा दात आला, तार दुहेरी झाली, आणि ठरलेल्या सगळ्या फेऱ्या पुऱ्या झाल्या. एकही ठिपका कुणी पुसला नाही. लिआनशेंग रोज वर्ग सोडताना इतका वाकायचा की त्याचं कपाळ टेबलाला लागायचं. मग बाईंना निरोप द्यायचा दिवस आला. हाताचा टाका यीझेननं स्वतः घातला, बारीक, सुबक, आईनं शिकवलेला. बाईंना त्यांचा निळा झगा घातला. पेटी उचलताना पुकारायचा मान तिनं मागून घेतला, आणि पुकारताना तिचा आवाज एकदाही कापला नाही. तिच्या मनात त्या दिवशी भीतीचा लवलेश नव्हता. जन्मदात्यांनंतर आपण कुणाचे एवढे देणेकरी असू तर या बाईंचे, एवढंच तिला वाटत होतं, आणि ते तिनं यू काकांना तसंच सांगून टाकलं. तळघरातलं मात्र सांगितलं नाही.

"तुमच्या आईनं एका माणसाला वाचवलंय, काका."

यू काकांनी दहनानंतर हाती आलेली अस्थींची पेटी छातीशी धरली. "तो हात एकदा बघायला मिळेल का?" त्यांनी विचारलं.

लिचीच्या दिवसांत ते आले. आहुईच्या हातात यंत्र बसून दोन-अडीच महिने झाले होते. पेला धरता येत होता, पान्याची मूठ धरता येत होती, मुलीचा हात धरून रस्ता ओलांडता येत होता. बारीक कामं अजून लांब होती; त्यांच्यासाठी दुसरं ऑपरेशन पावसाळ्यानंतर ठरलं होतं. यू काका उन्हातून चालत आले होते, घामाघूम, शर्टाचं गळ्याजवळचं बटण उघडं. लिआनशेंगनं थंड चहा आणला. आहुई उठून उभा राहिला.

"काका, तुमच्या आईमुळे हा हात आहे," तो म्हणाला, आणि हात मिळवायला उजवा हात पुढं केला.

हात पुढं गेला, आणि मग वर गेला. यू काकांच्या हातापाशी न थांबता गळ्याशी गेला. उघडं बटण बोटांनी शोधलं, काजात घातलं, कॉलर सारखी केली, आणि छातीवर दोनदा हलकेच थापटलं. जा आता, असं.

आहुई हाताकडे बघत राहिला होता. "माफ करा काका… मी… मला कळलंच नाही… हे मी नाही केलं…"

यू काकांनी डोळे मिटले होते. सत्तरीला टेकलेला तो माणूस शाळेला निघालेल्या पोरासारखा हनुवटी वर करून उभा होता. गालांवरून पाणी गळ्यापर्यंत उतरत होतं. "असू दे," ते म्हणाले. "असू दे… राहू दे तिला."

"ताई, बटण!" लिआनशेंग टाळ्या पिटत ओरडला. "बटण लावलं त्यांनी! पाहिलंत ना?"

यीझेननं पाहिलं होतं. तिचेही डोळे भरून आले होते. मनातल्या मनात ती वाकली, धन्यवाद बाई म्हणाली, आणि वर बघताना तिची नजर आहुईच्या हातावर गेली. बटण धरायला एक बोट पुरत नाही. समोरून अंगठा यावा लागतो, आणि तो आला होता, सफाईदार, सवयीचा. दुसरं ऑपरेशन त्याच्यासाठीच होतं. अंगठ्याला त्यांनी अजून तारच जोडली नव्हती.